पिसवांचं औषध देताना: बाटलीवरचं बारीक अक्षरातलं नाव

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकांच्या स्पिट्झला पिसवा आणि गोचीड इतके झाले की त्याच्या कानात हात घालवेना. काकांच्या भावाचा गावाकडे म्हशींचा गोठा आहे. तिथून एका रिकाम्या सिरपच्या बाटलीत थोडं औषध आलं, पाण्यात कालवून अंगाला लावायचं. किती पाण्यात किती, हे कुणी विचारलं नाही. मूळ बाटली गोठ्यातच राहिली होती. काकांनी तांब्याभर पाण्यात दोन झाकणं ओतली, अंगभर चोळलं आणि कुत्र्याला उन्हात सोडलं. ते अंग चाटत बसलं. दोन-तीन तासांनी पेंगायला लागलं, मग मागचे पाय लटपटू लागले, हाक मारली तरी मान उचलेना.

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा त्याच्या हृदयाचे ठोके फार मंद होते आणि अंग गार पडत होतं. डॉक्टरांनी सलाइनची तयारी करता करता पहिला प्रश्न विचारला, "काका, बाटली आणली आहे का?" बाटली नव्हती. गावाला फोन लावला, पुतण्या गोठ्यात धावला आणि त्यानं लेबलचा फोटो पाठवला. अमिट्राझ, १२.५ टक्के. ते नाव वाचल्यावर कोणतं इंजेक्शन द्यायचं हे ठरलं. कुत्रं वाचलं.

त्या दिवसापासून मी कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत आलो आहे. औषधाचं मोठ्या अक्षरातलं नाव विसरलात तरी चालेल, त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं घटकाचं नाव मात्र लक्षात ठेवा. पिसवा-गोचीड मारणारी औषधं पाच-सहा घराण्यांतली आहेत. प्रत्येक घराण्याचं काम करण्याचं तंत्र वेगळं, बिघडलं तर दिसणारी लक्षणं वेगळी आणि त्यावरचा उताराही वेगळा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे हा लेख वाचून कुणी औषध द्यायचंच बंद करणार नाही. आपल्याकडे कुत्र्यांवर आढळणारा तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बबेशिया या आजारांचे जंतू वाहून नेतो. त्यालाच आपण 'टिक फीव्हर' म्हणतो. प्लेटलेट्स घसरतात, नाकातून रक्त येतं, लघवी गडद होते आणि कुत्री दगावतात. पिसवांचा त्रासही खाजेवर थांबत नाही. त्यांच्यातून पट्टकृमी होतो आणि लहान पिल्लांना रक्त कमी पडून अशक्तपणा येतो. म्हणून औषध द्यायचंच आहे. कोणतं, किती आणि कुणाला, हे कळून द्यायचं.

एकेक घराणं

अमिट्राझपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे ते सहज मिळतं. ते मज्जासंस्थेतल्या अशा ठिकाणी जाऊन चिकटतं, जिथे गुंगीची काही इंजेक्शनंही काम करतात. म्हणून जास्त झालं की कुत्रं गुंगीत जातं, ठोके मंदावतात, तापमान उतरतं आणि रक्तातली साखर चढते. मधुमेही कुत्र्याला ते त्यामुळेच देत नाहीत. १२.५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. इतकं तीव्र औषध झाकणानं मोजलं की चूक दुपटीवर थांबत नाही, पाचपट-सातपटही सहज होते. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सुईशिवायची सिरिंज घेऊन मोजा, हातमोजे घाला आणि अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नका. अमिट्राझची गुंगी उतरवणारं इंजेक्शन असतं. पण हे अमिट्राझ आहे हे डॉक्टरांना कळलं, तरच ते दिलं जातं.

दुसरं घराणं पायरेथ्रॉइडचं. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फ्लुमेथ्रिन, म्हणजे शेवटी 'थ्रिन' असलेली नावं. नसेतून संदेश गेला की सोडियमची दारं मिटायला हवीत, हे औषध ती उघडीच धरतं. नस पुन्हा पुन्हा संदेश सोडत राहते आणि कीटक तडफडून मरतो. कुत्र्याचं यकृत हे रसायन बऱ्यापैकी लवकर मोडतं, त्यामुळे योग्य प्रमाणात ते कुत्र्याला चालतं. काही कुत्र्यांना लावल्या जागी मुंग्या आल्यासारखं होतं. ती पाठ भिंतीला घासतात, गोल गोल फिरतात, बसवत नाही. बहुतेक वेळा अंग धुतल्यावर ते शमतं. मात्रा जास्त झाली तर कानाच्या पाळ्या आणि कातडी थरथरायला लागते, मग सगळं अंग थरथरतं, मग झटके.

इथे मांजरांसाठी थांबायला हवं. ज्या रासायनिक वाटेनं शरीर परमेथ्रिनसारखे पदार्थ निकामी करतं, ती वाट मांजराच्या यकृतात फारच कमजोर असते. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला टाकले तर ते काही तासांत थरथरायला लागतं आणि उपचार मिळाला नाही तर मरू शकतं. "अर्धे थेंब टाकले, लहान आहे ना ती" असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. अर्धेही जीवघेणे असतात. घरात दोन्ही असतील तर कुत्र्याला थेंब टाकल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजर त्याच्या कुशीत झोपणार नाही, त्याला चाटणार नाही, हे बघायला हवं.

तिसरं घराणं जुनं: ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट. मेलाथिऑन, प्रोपॉक्सर यांसारखी नावं पावडरींवर, गळ्यात बांधायच्या स्वस्त औषधी पट्ट्यांवर किंवा शेतीच्या बाटल्यांवर दिसतात. नसेनं सोडलेला संदेशवाहक रेणू मोडणारं एक विकर असतं, ते ही औषधं अडवून धरतात. मग सगळं वाहायला लागतं: तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, लघवी, जुलाब. बाहुल्या टाचणीएवढ्या होतात आणि श्वास घरघरतो. शेतीच्या विषबाधेत माणसाला देतात तेच ॲट्रोपिन इथे कामी येतं. आता लक्षात घ्या, ठोके यातही मंद होऊ शकतात आणि अमिट्राझमध्येही होतात. पण एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर गोंधळ वाढतो. डॉक्टर आधी बाटली मागतात ते यासाठी.

फिप्रोनिलबद्दल थोडक्यात. मानेवर थेंब किंवा स्प्रे म्हणून ते वर्षानुवर्षं वापरात आहे. कुत्र्यात बहुतेक तक्रारी लावल्या जागच्या असतात: लाली, खाज, थोडे केस जाणं. चाटलं तर तोंडाला फेस येतो. पण घरात ससा असेल तर त्याला ते चुकूनही लावू नका, सशासाठी ते जीवघेणं ठरतं.

चघळायच्या गोळ्या

सध्या सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते या गोळ्यांबद्दल. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर, म्हणजे शेवटी 'लानर'. या घराण्याचं नाव आयसोक्साझोलिन. मेंदूत संदेश थांबवणारी एक यंत्रणा असते, गाडीच्या ब्रेकसारखी. हे औषध कीटकाचा तो ब्रेक निकामी करतं. कीटकाच्या ब्रेकला ते घट्ट चिकटतं, कुत्र्याच्या ब्रेकला फार कमी, म्हणूनच ते कुत्र्याला देता येतं. पण 'फार कमी' म्हणजे शून्य नव्हे आणि काही कुत्र्यांचे ब्रेक मुळातच कच्चे असतात.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं या संपूर्ण घराण्याबद्दल जाहीर सूचना काढली. काही कुत्र्या-मांजरांमध्ये स्नायूंची थरथर, तोल जाणं आणि झटके दिसतात, ज्यांना आधी कधी झटके आले नव्हते त्यांच्यातही दिसतात, असं त्यात म्हटलं होतं. बहुसंख्य प्राण्यांसाठी ही औषधं सुरक्षितच आहेत, हेही त्याच सूचनेत होतं. ही दोन्ही वाक्यं एकदमच खरी आहेत. लोक मात्र आपल्याला हवं ते एक उचलतात. "विष आहे विष" म्हणणारे पहिलं, "काही होत नाही हो" म्हणणारे दुसरं.

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार मात्र साधी असते: उलटी, जुलाब, एखाद दिवस न खाणं, मरगळ. गोळी दिल्यावर काही तासांत ते एक-दोन दिवसांत हे दिसतं आणि बहुधा आपोआप थांबतं. युरोपातल्या औषधाच्या पत्रकात झटक्यांपुढे 'अत्यंत दुर्मीळ' असा शब्द असतो. त्या शब्दाला ठरलेला अर्थ आहे: औषध दिलेल्या १०,००० प्राण्यांमागे एकापेक्षाही कमी.

ज्या कुत्र्याला पूर्वी आकडी आली आहे, मेंदूचा काही आजार होऊन गेला आहे, त्याला ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना ते आठवणीनं सांगा. दवाखाना बदलला असेल तर नव्या डॉक्टरांना ही माहिती तुमच्याकडूनच मिळणार असते. दुसरं माझं स्वतःचं मत: पहिल्यांदाच देत असाल तर तीन महिने टिकणाऱ्या गोळीऐवजी एक महिना टिकणारी मागा. फ्लुरालानर साधारण १२ आठवडे काम करतं. पोटात गेलेली गोळी परत काढता येत नाही, त्यामुळे सोसतं की नाही हे छोट्या मुदतीत कळलेलं बरं. आणि गोळीचे तुकडे करून मोठ्या कुत्र्याची गोळी दोन लहान कुत्र्यांत वाटू नका. पैसे वाचतात हे खरं, पण कुणाच्या पोटात किती गेलं हे मग कुणालाच सांगता येत नाही.

कॉली आणि आयव्हरमेक्टिन

गोचीड, खरूज, जंत, सगळ्यांवर एकच इंजेक्शन म्हणून आयव्हरमेक्टिन आपल्याकडे सर्रास टोचलं जातं. बहुतेक कुत्र्यांना योग्य मात्रेत ते सोसतं, पण कॉली जातीच्या कितीतरी कुत्र्यांना सोसत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक पंप असतो, आत शिरलेली औषधं परत बाहेर फेकणारा. तो पंप बनवण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्या एमडीआर-१ मधली चार अक्षरं या कुत्र्यांत गळालेली असतात. पंप चालत नाही, औषध मेंदूत साठतं, कुत्रं आंधळं झाल्यासारखं धडपडतं, बेशुद्ध पडतं. हे २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधनातून उलगडलं. कॉलीखेरीज शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि काही जर्मन शेफर्डमध्येही हा दोष असतो. तुमच्या कुत्र्यात या जातींचा अंश असेल तर इंजेक्शन भरण्याआधी तसं मोठ्यानं सांगा.

हजारो तक्रारी म्हणजे काय

इंटरनेटवर एखाद्या पट्ट्याबद्दल "७५,००० तक्रारी, १,६९८ मृत्यू" असं वाचलं की पोटात गोळा येतो. हे आकडे खरे आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेत सेरेस्टो या पट्ट्याबद्दल ते छापून आले आणि मोठं वादळ उठलं. पण ते वाचायचे कसे?

तक्रार म्हणजे औषधानंतर काहीतरी घडलं, असं कुणीतरी कळवलं. औषधामुळेच घडलं, हे त्यातून सिद्ध होत नाही. पट्टा घातलेलं कुत्रं गाडीखाली आलं तरी तशी नोंद होऊ शकते. शिवाय असे अडीच कोटींहून जास्त पट्टे विकले गेले होते. कुत्र्यांत आनुवंशिक अपस्मार बहुधा सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिल्यांदा दिसतो. याच वयात आपण दर महिन्याला गोळीही देत असतो, म्हणजे काही झटके योगायोगानं गोळीनंतर येणारच. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बहुतेक लोक तक्रार करतच नाहीत, त्यामुळे खरा आकडा मोठाही असू शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०२३ च्या जुलैमध्ये त्या पट्ट्याची परवानगी चालू ठेवली, पण पाच वर्षांपुरतीच, लेबलवर जादा इशारे घालून आणि तक्रारींची नोंद अधिक तपशिलानं ठेवण्याच्या अटीवर.

याच संस्थेकडे २००८ या एका वर्षात मानेवर टाकायच्या थेंबांबद्दल सुमारे ४४,००० तक्रारी आल्या होत्या. त्या एकेक करून तपासल्या तेव्हा लहान चणीच्या कुत्र्यांना जास्त त्रास होतो असं दिसलं, विशेषतः साधारण साडेचार ते नऊ किलो वजनाच्या. तक्रारींच्या ढिगाऱ्यातून असं काहीतरी हाती लागतं, म्हणून तक्रार नोंदवायला मी सगळ्यांच्या मागे लागतो. आपली पॉमेरेनियन, शिह त्झू, पग ही मंडळी याच वजनात किंवा त्याच्या आसपास येतात. अंदाजानं "असेल दहा किलो" म्हणू नका. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा.

"औषध लागलंच नाही" म्हणून पुन्हा दिलं

माझ्या पाहण्यात जास्त मात्रेचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. गोळी दिली, आठवड्यानं पुन्हा पिसवा दिसल्या, मग वर थेंब टाकले, मग पावडर चोळली, मग पट्टाही बांधला. चार औषधं एका अंगावर.

पिसवा परत दिसतात याचं कारण घरात असतं. घरातल्या एकूण पिसवांच्या पसाऱ्यात कुत्र्याच्या अंगावरच्या मोठ्या पिसवा जेमतेम ५ टक्के धरतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोश, गोधडीत, सोफ्याच्या फटीत, जिन्याखालच्या धुळीत. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते आणि कोशातली पिसू कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने दबा धरून राहते. गोळी काम करतच असते, पण रोज नव्या पिसवा उडी मारून येतात आणि मग मरतात. हे चक्र संपायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात कुत्र्यावर आणखी औषध ओतण्यापेक्षा त्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा आणि व्हॅक्यूम क्लीनर कानाकोपऱ्यात फिरवा. गोचिडांचंही तसंच, मेलेला गोचीड एखाद दिवस कातडीला चिकटून राहतो. आणि पिसवा मरताना बेभान पळतात, म्हणून पहिल्या काही तासांत कुत्रं जास्तच खाजवतं. ती रिॲक्शन नव्हे.

घरगुती म्हणजे निरुपद्रवी नव्हे

रॉकेल, फिनाइल, तंबाखूचं पाणी, खोबरेलात कापूर, डांबरगोळ्यांची पूड. आपल्या आजी-आजोबांनी हे केलं असेल, त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं. पण रॉकेलानं कातडी भाजते आणि चाटताना फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. तंबाखूतलं निकोटिन हे स्वतःच तीव्र विष आहे, कापरानं झटके येतात आणि लसूण खाऊ घातला तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. 'नॅचरल' म्हणून विकलं जाणारं टी ट्री तेलही तसंच: अमेरिकेत २००२ ते २०१२ या काळात कुत्र्या-मांजरांच्या ४४३ विषबाधा नोंदल्या गेल्या, त्या न मिसळलेल्या टी ट्री तेलाच्या. गोठ्याचं औषध वापरू नका म्हणताना मी रॉकेल वापरा असं सुचवत नाही, हे सांगायलाच हवं होतं.

झालंच काही तर

वरून लावलेल्या औषधाचा त्रास असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य द्रव साबण किंवा कुत्र्याचा शाम्पू घेऊन दोनदा-तीनदा धुवा, लगेच पुसून कोरडं करा आणि गार पडू देऊ नका. पट्टा असेल तर आधी काढा. गोळी पोटात गेली असेल तर धुण्यानं काही होणार नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मिठाचीच विषबाधा होते. उतारा म्हणून दूधही पाजू नका. यातली बरीच औषधं चरबीत विरघळणारी आहेत, दुधासोबत ती जास्तच शोषली जाण्याची भीती असते.

झटका आला तर तोंडात हात किंवा चमचा घालू नका, कुत्रं जीभ गिळत नाही. आजूबाजूचं सामान सरकवा, दिवा मंद करा, घड्याळ बघा. जमलं तर मोबाइलवर चित्रण करा. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका थांबलेला असतो आणि "थरथरत होतं" यापलीकडे आपल्याला काही सांगता येत नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा लागोपाठ दुसरा आला, तर रात्री दोन वाजतासुद्धा निघायचं. आयसोक्साझोलिनवर खास उतारा नाही, पण झटके आवरणारी औषधं आहेत आणि वेळेत मिळाली तर बहुतेक कुत्री सावरतात.

निघताना पाकीट, बाटली, पट्टा, जे असेल ते पिशवीत टाका, कचऱ्यात गेलं असेल तर उकरून काढा. डॉक्टरांना चार गोष्टी लागतील: घटकाचं नाव, किती दिलं, किती वाजता दिलं आणि कुत्र्याचं वजन. कुत्रं सावरल्यावर तोच तपशील बॅच नंबरसकट पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकाला किंवा पत्त्यावर कंपनीला कळवा, आणि डॉक्टरांकडून केसपेपरवर तसं लिहून घ्या. काकांनी आता स्पिट्झच्या लसीकरणाच्या पुस्तकाच्या आतल्या बाजूला लाल शाईनं लिहून ठेवलं आहे: 'अमिट्राझ नको. वजन ७ किलो ४००.'